माझ्या जीपमधून निवडून आलेली सचिव

मी आयुष्यात एकच निवडणूक मॅनेज करायला गेलो, आणि ती वैशालीनं जिंकली.

वैशाली जाऊन आज एक वर्ष झालं.

नव्वदच्या दशकाचा शेवट. कोल्हापुरात आम्ही बी.एस्सी.ला होतो. कॉलेजातल्या थेट निवडणुका तोवर बंद झाल्या होत्या. आमच्या आधीच्या पोरांनी गुलाल उधळला, आमच्या वाट्याला आली मार्कशीट.

वर्गात पहिला येईल तो सी.आर., म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी. हे सी.आर., शिवाय खेळ, एन.एस.एस. वगैरेंचे प्रतिनिधी, असे अकरा जण मिळून विद्यार्थी मंडळाचा सचिव निवडणार.

अख्ख्या कॉलेजचा पुढारी अकरा मतांवर.

माझा जिगरी दोस्त रणजित, कसबा बावड्याचा, खेळाचा प्रतिनिधी होता. त्याला सचिव व्हायचंच होतं. मतदान दुपारी तीनला. सकाळी त्यानं काकांची जीप माझ्या ताब्यात दिली.

"सात सी.आर. उचल, पन्हाळ्याला ने, खायला घाल. तीनला थेट हॉलमध्ये आण. मधे विरोधी पार्टीच्या कुणाला भेटू द्यायचं न्हाई."

सातात चार मुली होत्या. त्यातली एक वैशाली. गगनबावड्याची. वडील रोजंदारीवर, घरात कॉलेज बघणारी ही पहिलीच. वर्गात कधी मोठ्यानं बोललेली आठवत नव्हती.

पन्हाळ्यावर झुणका-भाकरी खाताना तिनं मला विचारलं, "सचिव करतो काय?"

"गॅदरिंग घेतो. बिल्ला लावतो. स्टेजवर बसतो."

"आणि?"

"आणि काय पाहिजे?"

ती भाकरी मोडत म्हणाली, "आमची गगनबावड्याची एस.टी. साडेचारला सुटते. प्रॅक्टिकल संपतं पाचला. पुढची गाडी थेट आठला. आमच्या शेजारच्या संगीताला घरातनं सांगितलंय, असं अर्धंच शिकायचं असलं तर दिवाळीनंतर कॉलेज बास."

मग एकेक जण बोलायला लागला. कुणाचं लायब्ररीचं, कुणाचं मुलींच्या रूमला कडी नसल्याचं. रणजितचं नाव कुणी काढेना.

गणिताचा सी.आर. म्हणाला, "मग तूच उभी ऱ्हा की."

मी हसलो. गाडी खाली आणली.

नावं हॉलमध्येच सुचवायची पद्धत होती. तिचं नाव आलं तेव्हा रणजितनं माझ्याकडं बघितलं, आणि मी खिडकीकडं.

वैशाली सहा. विरोधी पार्टी तीन. रणजित दोन.

"जीपमधे काय झालं?" त्यानं बाहेर आल्यावर विचारलं.

"जेवण झालं," मी म्हणालो.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"डेपोत जाताय म्हणं. जीप पाहिजे?"

"जीप नको. माणसं पाहिजेत."

म्हणून आम्ही दोघं तिच्या मागं डेपोत. तिथले साहेब वर न बघताच म्हणाले, "एका पोरीसाठी गाडीची वेळ बदलत न्हाई."

"एक न्हाई साहेब, सतरा."

तिनं सतरा पास टेबलावर मांडले. वर प्राचार्यांच्या सहीचं प्रॅक्टिकलचं टाइमटेबल.

"बघू," साहेब म्हणाले.

ती दर गुरुवारी जायला लागली. भांडण नाही, घोषणा नाही. जायची आणि विचारायची, "बघितलं का?" पुढं पुढं साहेब तिला बघितल्यावर आपणहून खुर्ची द्यायला लागले.

दिवाळीनंतर गाडी पावणेसहाला सुटायला लागली.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे स्टँडवर गेलो. संगीता खिडकीत बसली होती, मांडीवर प्रॅक्टिकलची वही. रणजितनं गुलालाची पुडी आणली होती.

वैशाली म्हणाली, "खिशातच ठेव. कपडे मलाच धुवायला लागतात."

संगीता आज एका शाळेत सायन्स शिकवते. वैशाली ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्रीची बाई झाली. रणजित, ती आणि मी, आमची तिघांची दोस्ती मात्र तशीच राहिली.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. रणजित आणि मी दवाखान्यात गेलो आणि नुसते बसून राहिलो.

तिनं उशाची पिशवी पुढं ढकलली. "तोंड पाडून बसण्यापरीस काम करा. पेपर तपासून झालेत, बेरजा राहिल्यात."

रणजित आयुष्यात पहिल्यांदा केमिस्ट्रीचा पेपर शेवटपर्यंत बघत होता.

एका पोराला पासिंगला दोन मार्क कमी पडत होते. रणजित म्हणाला, "देऊन टाक की."

"देऊन न्हाई टाकायचं. परत बघ. आपलंच काहीतरी बघायचं राहिलं असंल."

त्यानं पानं पुन्हा उलटली. शेवटच्या पानावर, मागच्या बाजूला, एक उत्तर तपासायचं राहिलं होतं.

तिनं लाल पेन मागितलं, उत्तर सावकाश वाचलं आणि तीन मार्क दिले.

ही आमची शेवटची भेट.

वैशाली, तुझ्यासारखी सचिव पुन्हा बघितली नाही. मनापासून आदरांजली, बाई.

जय भीम.