जिथं डॉक्टर नाही तिथला मुक्काम

वही मी दोन बाजूंनी लिहीत होते. पुढून सहलीचं, म्हणजे कुठल्या गावात कुठली खोली, जेवण घरचं आहे का, गरम पाणी मिळतं का. आणि वही उलटी केली की मागच्या पानापासून डॉक्टर. पुढची पानं घरात सगळ्यांना माहीत होती, मागची फक्त मला.

पोरीचे बाबा पुण्यात कॅब चालवतात. पहाटे निघतात, लोकांना हिंजवडीला सोडतात, विमानतळाला सोडतात, दुपारी तीनला घरी. सगळ्या जगाला नेतो आणि माझ्या माणसांना आपल्या धायरीबाहेर कुठं नेत नाही, हे त्यांना लागलेलं होतं. यंदा जुनी का होईना स्वतःची गाडी झाली आणि त्यांनी लगेच सहल काढली. आधी गुहागरला नणंदेकडं दोन रात्री, समुद्र बघायचा. मग चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला एक रात्र. मग पाटण, सातारा, कास करत पलीकडं उतरायचं, कोयनेच्या पाण्याकाठच्या एका गावात दोन रात्री, आणि घरी. "रस्ता माझा, मुक्काम तुझे," म्हणाले. त्यांना दिवसभर स्टेअरिंगवरून हात काढता येत नाही म्हणून फोन करायचं काम माझ्याकडं. मी हो म्हटलं आणि त्याच रात्री वही उलटी करून मागच्या पानावर डॉक्टर लिहायला बसले.

कारण मागच्या पावसाळ्यात पोरीला तापात झटका आला होता. दीड वर्षाची होती. मांडीवर होती, एकदम कडक झाली, डोळे वर गेले, मी हाक मारतेय, ऊठ ऊठ म्हणतेय आणि ती माझी नाहीच. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाला लावला, मी तिला उचलून तशीच अनवाणी पळाले, शेजारच्यांनी रिक्षा काढली आणि रिक्षा धायरी फाट्यावर अडकली. पुढं टेंपो, मागं बस. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती रडत होती, म्हणजे झटका कधीच गेला होता. डॉक्टर म्हणाले लहान मुलांना तापात होतं असं, पाच वर्षांची होईपर्यंत परत होऊ शकतं, घाबरू नका. नाकात मारायचा एक स्प्रे दिला, एक कागद दिला. परत होऊ शकतं एवढंच माझ्या डोक्यात राहिलं, घाबरू नका कुठं गेलं काय माहीत. तेव्हापासून मी माहेरी पण गेले नव्हते. धायरीत प्रत्येक गल्लीत दवाखाना आहे, तेवढ्या गल्ल्यांतच मी फिरायची.

फोनमधला नकाशा मला नीट समजत नाही, नववीला शाळा सुटली आणि भूगोल तर त्याच्या आधीच सुटला होता. ती निळी रेघ लांब आहे का जवळ, मला कळायचं नाही. मला कळायचं ते एवढंच, की ह्या गावातून डॉक्टर किती मिनिटांवर. म्हणून मी खोलीसाठी फोन लावायची, आधी जेवणाचं विचारायची, मग माशांचं, मग अंथरुणाचं, आणि बोलता बोलता हळूच, आणि तुमच्याकडं लहान मुलांचे डॉक्टर? गुहागरला नणंदेच्या घराजवळ एक डॉक्टर आहेत, चिपळूणला तर पाहिजे तेवढे. कोयनानगरला सरकारी दवाखाना आहे म्हणून खोलीवाल्यानं सांगितलं. घाटाच्या मधलं कुणाला विचारायचं कळेना, तिथं मी वहीत जागा सोडली. मग पाण्याकाठच्या गावात फोन लावला. बाई बोलकी होती. म्हणाली, "डॉक्टर आहे की ताई, दर मंगळवारी येतो. पण गुरांचा. माणसांना साताऱ्याला जायला लागतं." किती वेळ लागतो विचारलं तर म्हणाली तासभर, चढ आहे ना. ती हसली, मला काही हसू आलं नाही. कळवते म्हटलं, सवयीनं यांचा नंबर दिला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी यांना सांगितलं, तिथं फुल्ल आहे.

लग्न झाल्यापासून मी यांच्याशी खोटं बोलले नव्हते, म्हणजे साडीबिडीचं सोडून. दुसरं गाव बघू का म्हणाले. मी म्हटलं सगळीकडंच फुल्ल आहे, आपण गुहागरलाच दोन रात्री जास्त राहू ना, पोरीला वाळू आवडेल. ते बरं म्हणाले. सासूबाई मात्र नाराज झाल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की त्या पाण्यात बोटी आहेत, पलीकडच्या गावाला एसटीसारख्या जातात. त्या सारख्या म्हणत, "समुद्र लई बघितला टीव्हीत. मला बोटीत बसायचं हाय." आता त्यांनी कपाटातून काढून ठेवलेलं स्वेटर परत आत ठेवलं. मी बघत होते, आणि खरं सांगते, वाईट वाटलं पण त्याच्यापेक्षा हलकंच जास्त वाटलं. दोन दिवस मी नीट जेवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे आले, हातपाय धुतले, चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "पाण्याकाठची खोली रिकामी झाली वाटतं. बाईंचा फोन होता. बाळाला गाईचं दूध चालतं का विचारत होत्या."

मी ओट्याकडं तोंड करून उभी राहिले. सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. मला वाटलं आता हे ओरडतील, ओरडले असते तर बरं झालं असतं, मी पण रडून घेतलं असतं. त्यांनी कपबशी उचलून माझ्या बाजूला ओट्यावर ठेवली. मग मीच जाऊन वही आणली आणि उलटी करून त्यांच्यापुढं ठेवली. 

त्यांनी सगळं वाचलं. माझं अक्षर वाकडं, नंबर खाडाखोड केलेले, गावापुढं मिनिटं. शेवटच्या गावापुढं मी नुसतं गुरांचा असं लिहिलं होतं. तिथं त्यांनी बोट ठेवलं.

"अहो, तिथं झालं तर?" मी म्हटलं.

"एवढे डॉक्टर लिहिलेस," ते म्हणाले. "मी गाडीत असणार आहे, ते कुठं लिहिलंयस?"

खरंच मी ते धरलं नव्हतं. त्या दिवशी ते नव्हते, तेव्हापासून माझ्या मनातल्या प्रत्येक झटक्यात ते नसतातच. मग ते हळूहळू बोलायला लागले, आईसमोर ते असं कधी बोलत नाहीत. त्या दिवशी गाडीत पॅसेंजर होता, फोन सायलेंटवर होता. विमानतळाला उतरवून बघितलं तर घरून अकरा फोन. तिथनं धायरीपर्यंत कसा आलो मला आठवत नाही म्हणाले. "सहा दिवस तुम्ही तिघी माझ्या गाडीत असणार, मी फोन उचलायचा प्रश्नच नाही. म्हणून तर काढलं हे सगळं. समुद्र काय, पुढच्या वर्षी पण असतो."

मला वाटत होतं भीती माझ्या एकटीच्याच वाट्याला आलीय.

मग ते म्हणाले, तो कागद कुठाय. डॉक्टरांचा कागद स्प्रेच्या खोक्यात घडी करून होता, तेव्हापासून मी तो उघडलाच नव्हता. कपाटाशी जायची, खोकं जागेवर आहे का बघायची, तारीख बघायची आणि परत ठेवायची. कागद वाचला तर होईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. त्या दुपारी मी तो मोठ्यानं वाचला. चारच ओळी होत्या. कुशीवर झोपवा. तोंडात काही घालू नका, धरून ठेवू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर स्प्रे मारून दवाखान्यात न्या.

घड्याळ आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. मला तो अर्धा तास वाटला होता. सासूबाई म्हणतात धा मिनिटं झाली व्हती. डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही सांगताय त्यावरून दोनेक मिनिटं असेल. कुणाचं खरं, आता कसं कळणार.

मग जमिनीवर चटई टाकली आणि पोरीच्या जागी लोड कुशीवर ठेवला. यांनी आम्हाला कामं वाटून दिली. गाडी बाजूला घेणार ते, घड्याळ बघणार सासूबाई, पोरीपाशी मी. "आता कांदा नाय आणत," सासूबाई आधीच म्हणाल्या. मी फोनवर पाच मिनिटं लावली. पाच मिनिटं केवढी असतात हे मला तेव्हा कळलं. सगळे गप्प बसलो होतो, खालून भाजीवाला ओरडत गेला, कुकरची शिट्टी झाली, सासूबाईंनी दोनदा विचारलं झाली का, आणि तरी तीन सुद्धा झाली नव्हती. त्या दिवशीचं खरंच दोन मिनिटांचं असेल, असं मला पहिल्यांदा वाटलं.

पोरगी दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं लोडाशी खेळतायत. ती आली, लोड ढकलून दिला आणि स्वतःच कुशीवर आडवी झाली, डोळे गच्च मिटून, पाय पोटाशी घेऊन.

हे माझ्याकडं बघायला लागले. तिला उचलून कडेवर घ्यावं असं वाटलं, तशीच पळावं. पण मी खाली बसले. कागदात लिहिलं होतं तसं तिला धरलं नाही, नुसता पाठीवर हात ठेवला. ती हसू दाबत होती, पोट हलत होतं तिचं.

"ऊठ," मी म्हटलं.

उठली. "परत," म्हणाली.

आम्ही परत केलं. चार वेळा केलं. चौथ्या वेळेला तिला कंटाळा आला आणि ती सासूबाईंच्या कोथिंबिरीत जाऊन बसली. भीती गेली असं नाही, आत्ता हे लिहिताना पण ती आहेच. पण आता भीतीला काम होतं. तापाचं औषध कुठल्या पिशवीत, स्प्रे गाडीत पुढच्या कप्प्यात, कुंभार्लीच्या घाटात गाडी बाजूला कुठं घेता येते ते यांना पाठ आहे, ते त्यांनी सांगितलं आणि मी वहीत सोडलेल्या जागेत लिहिलं.

मग यांच्याच फोनवरून त्या बाईंना फोन लावला. खोली ठेवा म्हटलं, दोन रात्री, मोठी तीन, लहान एक. माझ्या मुलीला तापात झटका आला होता एकदा, म्हणून मी डॉक्टरचं विचारत होते, हे पण सांगितलं. परक्या माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते. बाई मग म्हणाली, "ताई, आमच्या दारात रात्रभर जीप उभी असते. माझा नवरा निजला तरी चावी माझ्याकडं असते." आणि परत विचारलं, गाईचं दूध चालतं का.

चालतं, म्हटलं.

आतून सासूबाई म्हणाल्या, "बोटीचं विचार."