खंडेनवमीला पुजलेला स्कॅनर

कैवल्य उद्या अकराला पुण्यात इंटरव्ह्यू देईल आणि त्याला नोकरी लागेल, ही काळजी चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. तीन वर्षं मी नेमकी उलटी काळजी केली, त्यामुळे ही अजून अंगवळणी पडलेली नाही.

हा माझा मुलगा. एकोणतीस वर्षांचा, इंजिनिअर. पुण्यातली नोकरी सोडून तुळजापूरला परतला तो एक जुना स्कॅनर घेऊन. पूर्वी हौशी लोक स्लाइड काढत. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली इवलीशी रंगीत फिल्म, प्रोजेक्टरमध्ये घालून भिंतीवर बघायची. प्रोजेक्टर कधीच बंद पडले, स्लाइड कपाटात बुरशी धरून राहिल्या. त्या पुसायच्या, स्कॅन करायच्या आणि पेनड्राइव्हवर घालून द्यायच्या, हा त्याचा धंदा.

"अख्ख्या जिल्ह्यात असणार किती जणांकडे?" मी विचारलं होतं.

"म्हणून तर घाई आहे, आई."

घरी जेवलेलं ताट उचलत नाही, पण परक्यांच्या लग्नाच्या स्लाइड पांढरे हातमोजे घालून तान्ह्या बाळासारख्या हाताळतो. मुलीकडचे विचारायचे, मुलगा काय करतो? मी सांगायची, कॉम्प्युटरमध्ये आहे. शेवटी येरमाळ्याला जाऊन येडेश्वरीला नवस बोलले. याला नोकरी लागू दे, खणानारळानं ओटी भरीन.

खंडेनवमीला आमच्याकडे नेहमीसारखी अवजारं पुजली. विळी, शिलाई मशीन, ह्यांची स्कूटर. कैवल्यनं आधीच बजावलं, "माझ्या मशीनला हात लावू नकोस. फूलसुद्धा नको." पण पोटापाण्याचं अवजार बिनपुजेचं कसं ठेवायचं? तो अंघोळीला गेला तेवढ्यात मी झाकणावर फूल ठेवलं आणि स्लाइड आत जाते त्या फटीत चिमूटभर कुंकू, अक्षता वाहिल्या. पूजा करायची तर आतपर्यंत पोचायला हवी.

तो आला, वरचं पुसून घेतलं. "आत नाही ना काही गेलं?"

"छे. वरच्यावर लावलंय."

दिवाळीनंतर भूमहून बाबूराव आले. निवृत्त कृषी सहाय्यक. गावोगाव चावडीच्या भिंतीवर स्लाइड दाखवून पिकांवरचे रोग ओळखायला शिकवायचे. सहाशे स्लाइड आधीच देऊन गेले होते, त्यांतल्या पहिल्या शंभर बघायला आले होते. स्क्रीनवर ज्वारीचं कणीस आलं तसे ते पुढं सरकले.

"तांबेऱ्याचा तांबडा ठिपका दिसतोय."

"असेल, काका."

"आरं, हे निरोगी कणीस म्हणून काढलेलं." पुढचं चित्र आलं. "आन् आता बैलाला पण तांबेरा?"

कैवल्यनं घाईनं पुढचं चित्र लावलं. मग स्क्रीनवर बाबूरावांच्या पत्नी आल्या, चंद्रप्रभाबाई. शेतात उभ्या, हसऱ्या. गालावर तोच तांबडा ठिपका. बाबूरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हिला जल्मात कसला रोग झाला न्हाय," ते म्हणाले. "एकदाच झाला, त्यात गेली."

मी चहा घेऊन दारातच उभी होते. ठिपका ओळखायला मला क्षणभरही लागला नाही. चहा निवलाय असं म्हणून मी तो परत आत नेला.

कैवल्यनं आठ दिवस सगळ्या स्लाइड पुन्हा पुसल्या, हात पोचेल तिथवरची काच पुसली. शेवटी सोलापूरच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानं मशीन न बघताच सांगितलं, सेन्सर गेला, नवा मिळत नाही. रविवारी तो दुरुस्तीवाला सुट्या भागांसाठी मशीन घेऊन जाणार आहे. कैवल्यनं पुण्याला अर्ज टाकला. तिकडून लगेच बोलावणं आलं.

काल निघताना बुटांची नाडी बांधता बांधता म्हणाला, "तू म्हणत होतीस तेच खरं, आई. हे माझ्यानं होणारं काम नव्हतं."

हे ऐकायला मी तीन वर्षं टपले होते. ऐकलं, आणि दशम्यांचा डबा त्याच्या हातात द्यायचा राहून गेला. देवीनं नवस पुरवला, तोही माझ्याच चिमटीनं. ओटी भरायला जायचा धीर होत नाही.

आज दुपारी बॅटरी लावून फटीत पाहिलं. आतल्या काचेवर कुंकवाचा बारीक खडा, शेजारी अक्षतेचा दाणा. काढायला गेले नाही. हात लावू नकोस म्हणाला होता, या खेपेला ऐकलं. टेबलावर चंद्रप्रभाबाईंची स्लाइड होती. खिडकीच्या उजेडात धरली. गाल स्वच्छ होता, आणि एका पापणीवर ज्वारीचं कुसळ अडकलेलं दिसत होतं. बाबूरावांची नजर ठिपक्यावरच अडली, ते त्यांनी अजून पाहिलेलंच नाही.

नोकरी करायची तर करू दे, पण आपल्याला जमलं नाही असं समजून नको. ह्यांना विचारलं तर म्हणतील, सकाळी बघू. सकाळपर्यंत मला पुन्हा शहाणपण सुचेल. तो झोपला असेल तरी चालेल, फोन आत्ताच करते.