आवाज खाट देते

आमच्या चाचांच्या मनात आलं असतं, तर त्यांनी सूर्यालाही तार जोडून कोंबड्याच्या हुकमावर उगवायला लावलं असतं. अकोल्याच्या जठारपेठेत त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. पण खरा जीव हौशी नाटकांना आवाज पुरवण्यात. आणि बटण दाबून आवाज देणं त्यांना कमीपणाचं वाटे. "माणसाचं बोट घाबरते, भाऊ. खाट कायले घाबरन?" असं म्हणून ते खाटेखाली, दाराच्या बिजागरीत, कंदिलाच्या खुंटीत खटके लपवायचे आणि त्यांच्या तारा विंगेतल्या संगणकाला जोडायचे. नट बसला, दार उघडलं, कंदील उचलला, की संगणक यादीतला पुढचा आवाज काढी. चाचा स्वतः तिसऱ्या रांगेत भुईमुगाच्या फल्ल्या खात बसत.

घरीही तोच कारभार. चाचींनी पिठाचा डबा उघडला की सनई, पाहुण्याने पायपुसण्यावर पाय ठेवला की मोराची आरोळी. एक पाहुणा त्या मोराला भिऊन जो पळाला, तो मूर्तिजापूर ओलांडल्यावरच थांबला. "या माणसाच्या घरात मले शिंकाचीबी चोरी हाय!" चाची करवादायच्या.

कापसाचे ते वाईट दिवस होते. हौशी नाट्यस्पर्धेतल्या झाडून सगळ्या नाटकांत शेवटी फासाचा दोर टांगलेला असे. आमच्यात नव्हता, म्हणून आम्ही स्वतःला फार थोर समजायचो. बैलजोडी विकणाऱ्या म्हाताऱ्याची भूमिका माझी, दिग्दर्शनही माझंच. अमरावतीला राजापेठेतल्या माझ्या शिकवणी वर्गात तालमी होत, आणि चाचा अकोल्याहून एसटीने तारांची ट्रंक घेऊन येत. प्रयोगाच्या दिवशी त्यांनी एकच बजावलं, "भाऊ, खाटेवर एकदाच बसजा."

मी कण्हत असा काही बसलो, की अमरावतीचं अख्खं नाट्यगृह टाळ्यांनी दुमदुमलं. दूर रेल्वेची शिट्टीही बिनचूक वाजली. त्या टाळ्या कानांत इतक्या गोड लागल्या, की मी उठलो आणि पुन्हा तसाच कण्हत बसलो.

टाळी काही आली नाही. कोंबडा आरवला. तिथून सगळे आवाज एकेक पायरी पुढे सरकले. सुनेने दार उघडलं, तेव्हा कोंबड्याऐवजी बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या. बैल गेले, सून रडू लागली, तिने कंदील उचलला आणि पुढच्या प्रवेशातला लग्नाचा बँड सुरू झाला! परीक्षकांनी तोंडाला रुमाल लावले. चाचा तिसऱ्या रांगेतून विंगेत धावले, तोवर नवरदेव मांडवात पोचला होता.

पडदा पडल्यावर सगळ्या नटमंडळींसमोर मी गरजलो, "चाचा, तुमच्या डब्ब्यानं नाटक मारलं माझं!" माझं दुसऱ्यांदा टेकलेलं बूड मला नीट आठवत होतं. चाचांनी संगणकाकडे पाहिलं. प्रत्येक खटक्याची नोंद तिथे होती. खाटेपुढे दोनचा आकडा होता. मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हो भाऊ. मशीन चुकली."

माझी गर्जना आठवडाभरात अकोल्यापर्यंत पोचली. चाचांचं मशीन ऐनवेळी दगा देतं, असं जो तो म्हणू लागला. त्यांना नाटकाला बोलावणं हळूहळू बंद झालं. माझ्या एका वाक्याने ते थांबलं असतं. पण तेवढं एक वाक्य, राजापेठेत दिवसभर तोंड चालवणाऱ्या या मास्तराला बोलता आलं नाही.

परवा, इतक्या वर्षांनी, जठारपेठेत जाऊन सांगितलं. चाचा मोबाईलचं झाकण उघडत होते. "चाचा, त्या दिवशी मी दोनदा बसलो होतो."

त्यांनी चहा मागवला. मान वर न करता म्हणाले, "मले कायले सांगता, भाऊ? मले त् तवाच मालूम होतं."

ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांतले दोघे पुण्याला गेले, सून झालेली मुलगी लग्न होऊन कुठे गेली ते ठाऊक नाही, आणि बाकीच्यांना ते नाटकच आठवत नाही. चहा छान होता. मी बराच वेळ बसून राहिलो.