बॅनरवरून माय कुठे गेली?

काल चौकात माझं डोकंच फिरलं...

वनरक्षक म्हणून माझी निवड झाली, म्हणून गावातल्या मंडळाने अभिनंदनाचा बॅनर लावला. फोटो मीच दिला होता. निकाल कळला तशी मी धावत नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर गेले होते, माय तिथे देठ खुडायला जाते. पुढे मी, मागे मिरचीत बसलेली माय, तोंडभर हसणारी... तेव्हाचा तो फोटो.

बॅनर लागला तशी माय शेजारच्या दोन बायांना घेऊन बघायला आली. "मन्हा बी फोटो शे" असं गल्लीभर सांगून झालं होतं तिचं.

बॅनरवर वरच्या रांगेत गावातले सगळे भाऊ, दादा, साहेब चकचकीत. मिशीचा केस न् केस मोजून घ्या! मधोमध मी. आणि माझ्या खांद्यापासून पुढे फोटो हळूहळू पुसट होत गेलेला... माय होती तिथे नुसतं लाल काहीतरी.

"मी कोठे शे वं? हाऊ लाल डाग मी शे का?" मायने विचारलं. माय हसली, पण पदर सारखा करत मागे सरकली. ते मला सहन झालं नाही.

तशीच तणतणत बॅनरच्या दुकानात गेले. डिझाइन करणारा आमच्याच गावचा. त्याने कौतुकाने कॉम्प्युटरवर दाखवलं, माऊसने इकडून तिकडे एक रेघ ओढायची, की ब्लर एकदम न येता हळूहळू वाढत जातो. भारी दिसतं म्हणे!

"अरे, पण माय कुठे गेली माझी?"

तो चपापला. "ताई, मांगे कोनी मजूर बाई व्हती. म्हनीसनी ब्लर करी टाकं."

संताप संताप झाला... "मजूरच आहे ती! आणि माझी आई आहे!" अख्खं दुकान वळून बघायला लागलं. बघू दे.

मग मी शेजारी बसून त्याला तीच रेघ उलटी ओढायला लावली. वरच्या रांगेवरूनही ओढ, होऊ दे त्यांनाही पुसट म्हटलं, तर हात जोडले त्याने. "ताई, माले गावमा ऱ्हावानं शे!"

आज नवा बॅनर लागला. वरची मंडळी आहेत तशीच चकचकीत. माझ्यापासून मायपर्यंत मात्र फोटो हळूहळू स्पष्ट होत गेलाय... तिच्या बोटांना लागलेली मिरचीसुद्धा दिसते.

माय बराच वेळ बघत उभी राहिली. मग माझ्यावरच चिडली. "आते तूच धुकामा गई ना वं!"

जाऊ दे गं माय. मला आता वर्दी मिळेल, मला लोक बघतीलच... तुला बघायची सवय अजून लागायची आहे त्यांना.