आक्काचे आधीचे दोन घास

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये शेवटचं ताट धुवायला जाईपर्यंत आक्का स्वतः तोंडात घास घालत नसे. "लेकरं उपाशी असताना आईच्या घशाखाली उतरेल का?" म्हणायची. तिच्या पोटी मूल नव्हतं. पण वाढताना हात सैल आणि रागवताना जीभही तशीच सैल, म्हणून फिटरपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला आक्काच म्हणत.

नवरा गेल्यावर तपासणीत तिलाही एचआयव्ही निघाला. ही गोष्ट फक्त धाकट्या बहिणीला ठाऊक. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. आक्कानं ठरवलं, सकाळी कामावर निघताना देवाचं नाव घ्यायचं आणि चहाबरोबर गिळून टाकायची, म्हणजे विसरायला नको.

पण लवकरच पोटानं दावा साधला. कढईत कांदा पडला की ढवळून यायचं. झारा भाजी चिरणारीच्या हातात कोंबून ती मागच्या मोरीकडे पळायची. दुपारी जुलाब. चवीला चमचा तोंडाशी नेणंही नको व्हायचं, म्हणून मीठ अंदाजानंच पडायला लागलं.

"आक्का, आज समुद्र ओतलास काय गं भाजीत?" एक फिटर ओरडला. हशा पिकला. मॅनेजर मात्र हसला नाही. "पुन्हा असं झालं तर दुसरी बाई बघावी लागेल," त्यानं स्वच्छ सांगितलं.

आक्कानं गोळी बंद केली. चार दिवसांत पोट निवलं, मीठही ताळ्यावर आलं. रविवारी धाकटी आली, गेल्या खेपेला अन्न नकोसं झालेल्या आक्काला पोटभर जेवताना बघून आधी खूश झाली, मग तिचे डोळे बारीक झाले.

"ताई, गोळी घेतेस ना?"

"बंद केली. काम जाईल नाहीतर."

"भाऊजींनीही हेच केलं होतं! मला आता तुझ्याही उशाशी बसवणार आहेस का?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकायला लावून धाकटीनं तिला दवाखान्यात नेलं. नर्सबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "गोळीच्या आधी काय खाता?"

"खाते? मी दुपारी जेवते. सगळ्यांच्या मागून."

"अहो, दिवसभर अन्नात हात आणि पोटात नुसता चहा? सुरुवातीला ही गोळी पोट ढवळते, बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. उपाशीपोटी जास्त त्रास होतो. साधं काहीतरी खाऊन मग घ्या, जुलाबात पाणी पीत राहा. नाहीच थांबलं तर इथं या, डॉक्टर बघतील. पण आपल्या मनानं बंद करायची नाही. आजार बळावतो, मग गोळीलाही जुमानत नाही."

"लेकरांच्या आधी जेवू?" आक्कानं विचारलं.

"तू आधी गेलीस तर वाढणार कोण त्यांना?" धाकटी फणकारली.

पुढच्या सकाळी पहिला भात उतरला तसा आक्कानं थोडा ताटलीत घेतला आणि पिंपांच्या आड जाऊन उभी राहिली. चोरी केल्यासारखे तिनं भराभर दोन घास खाल्ले. 'देवा, माफ कर,' ती पुटपुटली आणि गोळी गिळली. मळमळ आलीच, पण आज मोरी गाठावी लागली नाही.

भाजी चिरणारी सुरी हातात धरून बघतच राहिली. "आक्का, तू आधी जेवलीस?"

"जेवले. उद्याही जेवणार आहे. तू कांदा चीर."