भगताचे दाणे

दर रविवारी दुपारी आम्ही चारपाच जण जव्हारला एका सरांच्या खोलीवर पात्रांचा खेळ खेळतो. सर गोष्ट रचून चालवतात, आम्ही प्रत्येक जण एकेक पात्र होतो, आणि पात्राचं जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. माझं पात्र भगत, म्हणजे दाणे टाकून दुखणी-खुपणी पाहणारा गावचा देवऋषी. तांदळाचे दाणे टाकले आणि फासा चांगला पडला, की समोरच्या पात्राने काय लपवलंय ते सरांनी मला सांगायचं.

या शक्तीची मी पार वाट लावली होती. दार दिसलं की दाणे, माणूस दिसला की दाणे. सर चहा ठेवायला उठले की त्यांची गोष्टीची वही चाळायची आणि ते परत आले की डोळे फिरवून, अंगात आल्यासारखं घुमून तेच ‘दिसलं’ म्हणून सांगायचं. सगळे पोट धरून हसायचे.

हसायची नाही ती एकटीच. सरांच्याच शाळेतली विज्ञानाची शिक्षिका, साखरशेत गावाकडची. खेळात ती एका व्यापाऱ्याची मुलगी होती. दोनदा तिने मला चारचौघांत टोकलं, "हे तुमच्या पात्राला कसं कळलं? फासा तर टाकलाच नाही तुम्ही." तेव्हापासून मी तिला पाण्यात पाहत होतो.

मग संधी आपल्या पायांनी चालत आली. मी कचेरीत दाखल्यांच्या टेबलावर बसतो. एका सोमवारी एक म्हातारा धाकट्या मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी आला. रांगेतल्या बायका "भगतबाबा, तुम्ही पुढं व्हा" म्हणत बाजूला झाल्या. कागदांना थोरल्या बहिणीच्या दाखल्याची प्रत जोडलेली होती आणि त्या प्रतीवर आमच्या या शिक्षिकेचं नाव. आम्हाला ती सांगायची, वडील शेती करतात. खोटं नव्हतंच ते. पण ताप आलेल्या पोराला घरच्यांनी भगताकडे नेलं, की त्यांच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर टिंगल चालायची. तिने का लपवलं ते मला नीट कळलं होतं. म्हणूनच तर मजा येत होती.

त्या रविवारी मी दाणे टाकले. फासा तीनवर पडला. मी तो हाताखाली झाकला आणि घुमायला लागलो. "दिसतंय! ही व्यापाऱ्याची पोर नाही. हिचा बाप भगत. बाप दाणे टाकतो आणि पोरगी विज्ञान शिकवते!"

"अहो, हे खेळातलं नाही," सर म्हणाले, पण हसत हसतच. आमच्यात खेळणारे त्यांच्याच शाळेतले दुसरे गुरुजी म्हणाले, "मॅडम, मग उद्या प्रयोगाला कोंबडा आणू का?"

ती लगेच उठली नाही. सांडलेले दाणे तिने एकेक करून वाटीत भरले.

"बाबा दाणे टाकण्याआधी विचारतात, ‘बघू का?’ समोरचा नको म्हणाला, तर वाटी झाकून ठेवतात." मग माझा हात बाजूला सारून तिने फासा पाहिला. "तीन," एवढंच म्हणाली आणि गेली.

ती पुन्हा आली नाही. शाळेत आता पोरंसुद्धा मागून ‘भगतीण’ म्हणतात. तिने मोखाड्याकडे बदली मागितली आहे, असं सर सांगत होते. मला लाज वाटते. खेळ सोडण्याइतकी नाही वाटत.

माझा भगत अजून आहे. हल्ली दाणे टाकण्याआधी मी वाटीवर हात ठेवतो आणि खोल आवाजात विचारतो, "बघू का?" सगळे म्हणतात, हे मात्र झकास सुचलं तुम्हाला.