दौंडला नेलेला काटा

अंगणवाडीत मी चोवीस वर्षं मुलांची वजनं घेतेय. आमच्या शिरूर भागातल्या आया एक प्रश्न हमखास विचारतात, "शेजारणीचं केवढं गुटगुटीत हाय, आन् आमचंच असं का?" माझं उत्तर ठरलेलं. शेजारणीचं मूल बघू नका, कार्डावरची वजनाची रेघ बघा. मूल बारीक असलं तरी रेघ चढती असेल, खेळत-पळत असेल, तर घाबरू नका. पहिल्या वर्षानंतर वाढ मंदावते, भूकही कमी होते.

नातवाच्या बाबतीत मात्र मी हे सगळं विसरले. मुलगा नोकरीसाठी दौंडला राहतो, मी इथे एकटी. व्हिडिओ कॉलवर दोन वर्षांच्या नातवाच्या बरगड्या दिसल्या आणि मी रोज सुनेला विचारू लागले, आज काय खाल्लं? किती खाल्लं? तुपाचा डबा पाठवला, नाचणीचे लाडू पाठवले. हळूहळू तिचे फोन कमी झाले.

मग एका रविवारी अंगणवाडीतला वजनाचा जुना टांगायचा काटा पिशवीत घातला आणि एसटीने दौंड गाठलं. चहाच्या आधीच काटा पाळण्याच्या हुकाला अडकवला. पोरगं काट्याच्या झोळीत बसेना. लाथा झाडून रडलं.

"आई, काटा घिऊन आलाय व्हय?" सून म्हणाली. "मग माझंबी करा की वजन. सासरी आल्यापास्नं किती घटलं, तेबी लिवा."

मुलगा हसला. मी नाही.

शेवटी मुलाने नातवाला कसंबसं झोळीत बसवलं: दहा किलो दोनशे ग्रॅम. मी काही बोलायच्या आत तिने कपाटातून कार्ड काढून पुढे ठेवलं. तिथल्या अंगणवाडीत ती दर महिन्याला न चुकता जात होती. रेघ हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात, खालच्या अंगाला, पण जन्मापासून चढत आलेली. मी दोनदा बघितली. दुसऱ्या कुणाचं कार्ड असतं तर एका नजरेत परत दिलं असतं.

"चांगली वाढ आहे," मी म्हणाले. "माझं चुकलं."

"व्हय," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

दिवसभर नातू माझ्याजवळ फिरकला नाही. संध्याकाळच्या गाडीने मी परत आले.

आता मी खाण्याचं विचारत नाही. कालच्या फोनवर विचारलं, काय नवीन बोलायला लागलाय? सून "तुम्हीच बगा" म्हणत फोन नातवासमोर उभा करून आत गेली. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि उठून गेला. समोर नुसती भिंत. मी फोन बंद केला नाही. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, ती ऐकत बसले.